आगाऊ खुर्च्या

गोकुळभाऊ राखोंडे भर दुपारी कारखान्यात आले, मोठ्या मशीनजवळ उभे राहिले आणि मॅनेजर प्रसेनजित तायडेला म्हणाले, "तायडे, बाबा काई आता उठत नाईत. डॉक्टरनं हात टेकले. तेरवीले आपल्याले दोनशे खुर्च्या दान द्याच्या हायेत. पांढऱ्या. पाठीवर नाव पायजे."

प्रसेनजितला सगळं स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी त्याने कानातला कापूस काढला आणि पुन्हा विचारलं. मशीनच्या आवाजात ऐकण्यात चूक झाली असेल, अशी आशा माणसाला असते.

"कोनाच्या तेरवीले, भाऊ?"

"बाबाच्या."

"पन बाबा तं..."

"हायेत ना. अकोल्याले दवाखान्यात हायेत. म्हनून तं आज सांगून राह्यलो."

यातला 'म्हणून' प्रसेनजितला कळला नाही. गोकुळभाऊंनी तो समजावून सांगितला, आणि दुर्दैव असं की त्यात चूक काढायला जागा नव्हती. खुर्चीवर नाव उमटवायचं तर लोखंडी मोल्डमध्ये नावाची वेगळी पाटी कोरून बसवावी लागते. ती कोरून, बसवून, पहिली खुर्ची काढून पाहीपर्यंत पंधरवडा जातो. तेरवी तेराव्या दिवशी. म्हणजे माणूस गेल्यावर कामाला लागलं तर नाव तयार होईपर्यंत जेवणाच्या पत्रावळी उचललेल्या असणार.

"मधातले दोन दिस मी कोठून आनू, सांग बरं," गोकुळभाऊ म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. रात्रभर दवाखान्यात जागलेले होते ते. बापावर त्यांचं प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. प्रेम होतं, फक्त ते कारखानदाराचं होतं. माल वेळेवर पोचला नाही तर त्याला काही किंमत नाही, असं त्यांना वाटायचं.

प्रसेनजितने औरंगाबादला राहून प्लास्टिकचा डिप्लोमा केला होता. मागणी येण्याआधी तिचा अंदाज बांधावा आणि माल तयार ठेवावा, हे त्याला तिथे शिकवलं होतं. मागणी अशीही असू शकते, हे मात्र कोणत्याच तासाला निघालं नव्हतं.

कारखाना वडनेर भोलजीच्या अलीकडे, हायवेला लागून. खुर्च्या, बादल्या, घमेली निघायची. जागा गोकुळभाऊंच्या बाबांच्या, किसनरावांच्या शेताची. ज्या शेतात त्यांनी उभ्या जन्मात कापूस घेतला, तिथे मुलगा खुर्च्या पिकवतो याचं त्यांना कौतुकही वाटायचं आणि संशयही. रोज दुपारी ते काठी टेकत यायचे, निघालेल्या मालातली एक खुर्ची ओढायचे, तिचे पाय दाबून पाहायचे आणि मगच बसायचे. "तायडेसायेब," ते म्हणायचे, "ही खुर्ची मानसाले सांभाळते, का मानसानं तिले सांभाळाव लागते?" आणि उत्तर येईपर्यंत प्रसेनजितलाही दुसरी खुर्ची ओढायला लावायचे. त्या कुटुंबात त्याला 'साहेब' म्हणणारे ते एकटेच. मुलगा 'तायडे' म्हणायचा. मुलाचा साळा राजकुमार, जो गोदाम आणि गाड्या बघायचा, तो 'अबे तायडे' म्हणायचा. अशा गोष्टी माणूस बोलून दाखवत नाही, पण विसरतही नाही.

आणि आता त्याच किसनरावांच्या नावाआधी 'कै.' कोरायचं होतं.

नांदुऱ्याला घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं. सारिका सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिने पोळी लाटता लाटता विचारलं, "गेले का ते?"

"नाही. पण डॉक्टर म्हणाले, चार दिवस."

"डॉक्टरच्या चार दिवसात लोकायनं पोरीचे लग्नं लावले हायेत," सारिका म्हणाली. "तुमी जित्या मानसाचं मढं काऊन छापून राह्यले?"

प्रसेनजित म्हणाला की तो छापत नाही, गोकुळभाऊ छापतात, तो फक्त मॅनेजर आहे. सारिकाने पुढची पोळी तव्यावर टाकली. या वाक्याला नवऱ्याच्या तोंडावर काही बोलावं, असं तिलाही वाटलं नसावं.

शेजारचे मोतीराम एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते ओसरीत बसून सगळं ऐकत होते आणि कोणत्याही विषयावर सल्ला द्यायला बिनतिकीट चढायचे. ते म्हणाले, "तायडे, कै. म्हंजे कैलासवासी. तो मानूस महादेवाचा लागते. किसनरावच्या गळ्यात तुळशीची माळ हाये. त्याईले वैकुंठाले जा लागते. भलत्याच गावचं तिकीट फाडू नका."

ही अडचण खरी होती. प्रसेनजितने दुसऱ्या दिवशी ती गोकुळभाऊंपुढे ठेवली. गोकुळभाऊ म्हणाले, "बाबालेच इचारून पाय ना." मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. शेवटी जागेचा प्रश्न आला तेव्हा निकाल लागला. खुर्चीची पाठ होती तेवढीच होती. 'वैकुंठवासी' लिहिलं असतं तर बाबांचं आडनाव खुर्चीच्या हातावर आलं असतं. 'कै.' आटोपशीर होतं.

पाटी अकोल्याहून कोरून आली. अक्षरं सुरेख, वळणदार. प्रसेनजितने ती हातात घेतली, वाचली, आणि खाली ठेवली. कारण पाटी त्याला वाचता आली. मोल्डमधली अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा खुर्चीवर ती सुलटी येतात. हे त्याने कारागिराला फोनवर सांगितलं होतं, पुन्हा सांगितलं होतं, कागदावर लिहूनही पाठवलं होतं. कारागिराने कागदही सुलटाच वाचला होता.

गोकुळभाऊ म्हणाले, "असीच लाव, एक काढून तं पाहू." मॅनेजरने नको म्हटल्यावर मालकाला एक तरी काढून पाहावीशी वाटतेच. मशीन मिटलं, उघडलं, खुर्ची बाहेर आली. मोठ्या मशीनवर बसणारी पंचफुला ती उचलून निरखायला लागली. हाताला चटका बसू नये म्हणून तिने ती पदराने धरली होती.

"सायेब," ती म्हणाली, "हे उर्दू हाये का?"

गोकुळभाऊंनी ती खुर्ची फिरवून पाहिली. मग म्हणाले, "आरशात बरोबर दिसन." तेरवीला आरसेही द्यायचे का, असं प्रसेनजितच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं. महिन्याभरात त्याने गिळलेल्या वाक्यांची जेवणं झाली असती.

पाटी परत गेली. सुलटी, म्हणजे उलटी, होऊन आली. तोवर अकोल्याहून रोज एकच निरोप येत होता: तब्येत जैसे थे. मशीन बादल्यांच्या लाल रंगावर होतं, ते धुऊन पांढऱ्यावर आणेपर्यंत गुलाबी खुर्च्या निघाल्या. त्या पाहून राजकुमार म्हणाला, "अबे तायडे, तेरवी हाये का बारसं?" मग लाइट गेली आणि मशीनच्या पोटातला वितळलेला माल जागच्या जागी गोठून बसला. तो काढायला सगळे घामाघूम झाले, कारण बाहेर मे महिन्याचं ऊन आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. त्यात गोकुळभाऊंनी दाण्यात चुन्याची पूड वाढवायला सांगितली. प्लास्टिकच्या दाण्यात ती थोडी चालते, जास्त झाली की खुर्ची कडक होते आणि कडक वस्तूची मोडायची वेळ कळत नाही. प्रसेनजितने तसं सांगितलं. गोकुळभाऊ म्हणाले, "फुकटच्या खुर्चीत कोनी नाचत नाई."

राहिला ग्रामसेवक. खुर्च्या गावच्या स्मशानातल्या शेडला द्यायच्या होत्या, म्हणजे लोकांना बसायला होईल. त्याचा अर्ज घेऊन प्रसेनजित गेला. ग्रामसेवकाने वाचलं. 'स्मरणार्थ' या शब्दाखाली पेन थांबलं.

"कधी वारले?"

"अजून... म्हणजे होणार आहे."

"मंग तारीख?"

"अंदाजे टाकली तर?"

"मृत्यूचा दाखला जोडा लागते, तायडे. अंदाजे दाखला भेटत नाई." ग्रामसेवकाने अर्ज सरकवला आणि सभ्यपणे म्हणाला, "काई घाई नाई. होऊ द्या आरामात."

दोनशे खुर्च्या थप्प्या लावून तयार झाल्या, त्याच दिवशी अकोल्याहून फोन आला. गोकुळभाऊंनी तो कारखान्यातच घेतला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून ते खाली बसले. पंचफुलाने तोंडावर हात ठेवला.

"बाबा उठून बसले," गोकुळभाऊ म्हणाले. "चहा मांगतला. साखर कमी हाये म्हनून नर्सले बोलले."

आनंदाची बातमी होती, आणि ती ऐकून थप्पीकडे पाहायचं नाही एवढीच सगळ्यांची धडपड चालली होती. मग गोकुळभाऊ रडायला लागले. ते आनंदाचं रडणं होतं हे नक्की. लाजेचंही होतं. त्यात कोणतं किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"भाऊ, दळून टाकू का?" प्रसेनजितने विचारलं. ग्राइंडर होताच. खुर्च्यांचा चुरा झाला असता, चुऱ्याच्या बादल्या झाल्या असत्या आणि विषय मिटला असता.

गोकुळभाऊंनी डोळे पुसले. विचार केला. "राहू दे," ते म्हणाले. "आज ना उद्या..." आणि वाक्य अर्धं सोडून निघून गेले. प्रसेनजितने खुर्च्या गोदामाच्या कोपऱ्यात नेऊन त्यांवर ताडपत्री टाकली. राजकुमारला बजावून सांगितलं की हा माल हलवायचा नाही. राजकुमारने 'हाव' म्हटलं. त्याचं 'हाव' म्हणजे ऐकू आलं एवढंच.

किसनराव घरी आले, बारीक झालेले, पण जिभेने शाबूत. लग्नाचे दिवस होते. मेहकरच्या एका मंडपवाल्याला तातडीने पांढऱ्या खुर्च्या हव्या होत्या. कारखान्यात हिरव्या निघत होत्या. राजकुमारने गोदामात फेरी मारली, ताडपत्री उचलली, पांढऱ्या खुर्च्या पाहिल्या आणि गाडी भरली. पाठीमागे काही लिहिलेलं आहे हे त्याने पाहिलं होतं. कंपनीचं नाव असेल, असं त्याला वाटलं. वाचायची सवय नसलेल्या माणसाला छापलेलं सगळं कंपनीचंच नाव वाटतं.

किसनरावांची धाकटी बहीण विमलबाई मेहकरला दिलेली. त्या लग्नात ती मुलीकडून होती. अक्षता टाकून ती बसायला वळली, आणि खुर्चीच्या पाठीवर तिच्या भावाचं नाव होतं. त्याआधी 'कै.' होतं. शेजारच्या खुर्चीवरही होतं. पुढच्या ओळीत, मागच्या ओळीत, मंडपभर तिचा भाऊ मेलेला होता आणि त्यावर बसून लोक बँड ऐकत होते.

आपल्याला कळवलंसुद्धा नाही, या एका दुःखात विमलबाईला फोन करून खात्री करावी हे सुचलं नाही. तिने फोन केले ते बाकीच्या नातेवाइकांना. त्यांनी पुढच्यांना केले. वरवट बकालच्या चुलतभावाने तर आजाराचं नाव, वेळ आणि शेवटचे शब्दही पुढे कळवले.

सकाळी किसनराव ओट्यावर बाजेवर बसून खिचडी खात होते. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली आणि रडण्याचा आवाज सुरू झाला. रीतच आहे ती, रडणं दारापासून नाही, कोपऱ्यापासून सुरू करायचं. त्यांनी घास खाली ठेवला. विमलबाई पदर तोंडाला लावून, दोन सुनांच्या आधाराने आली आणि ओट्यापुढे उभी राहिली.

"विमल," किसनराव घाबरून म्हणाले, "कोन गेलं वं?"

विमलबाईने पदर काढला. रडणं भरल्या गाडीसारखं असतं, ब्रेक दाबला म्हणून जागच्या जागी थांबत नाही. हुंदका देतच ती म्हणाली, "तू." आणि खाली बसली.

दिवसभर माणसं येत राहिली. काहींनी पांढरं कापड आणलं होतं. काही जण अंगणातूनच बोलायला लागायचे, किती चांगला माणूस होता, कोणाच्या अडल्यानडल्याला कसा उभा राहायचा, आणि बाजेवर नजर गेली की गप्प व्हायचे. मग चहा घेऊन, बस आहे म्हणून निघायचे. सूनबाई चहा करून थकली. संध्याकाळी प्रसेनजितला बोलावणं आलं.

ओट्यावर मेहकरहून परत आणलेल्या खुर्च्यांतली एक ठेवलेली होती. गोकुळभाऊ भिंतीला टेकून उभे होते. राजकुमार कुठेच नव्हता. प्रसेनजित पायरीवर चढतो न चढतो तोच गोकुळभाऊ म्हणाले, "बाबा, हे तायडेनं केलं. मी म्हनलो होतो नाव टाक. कै. टाक असं म्या म्हनलो नव्हतो."

प्रसेनजितचे कान तापले. त्याला पुष्कळ बोलता आलं असतं. पाटी, आरसा, गुलाबी खुर्च्या, ग्रामसेवक, सगळं क्रमाने सांगता आलं असतं आणि कारखान्यातला एक एक माणूस त्याच्या बाजूने बोलला असता. पण त्या म्हाताऱ्याने दिवसभर एवढं ऐकलं होतं. त्यावर आता मुलाने काय केलं तेही ऐकवायचं का?

"तायडेसायेब," किसनराव म्हणाले, "ह्या तुमी केल्या?"

"हो, बाबा. माझ्याच हातच्या आहेत."

किसनरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मुलाकडे. मुलाने खाली पाहिलं. त्यांना काय कळलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली, पाय दाबून पाहिले.

"चुना लय झाला."

"हो. जास्त झाला."

"नाव बाकी चांगलं आलं." ते खुर्चीवर बसले. "दळू नका. फकस्त ते कै. काढून टाका. मसनात द्याच्या हायेत ना? मंग मीच देतो. मेल्यावर पोरायनं देल्या तं त्याईचं नाव होते. आता देल्या तं माहं होईन."

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात एक नवीनच खातं सुरू झालं. पाळीतून मोकळ्या झालेल्या बाया धारदार पात्यांनी एका एका खुर्चीचं 'कै.' तासायला बसल्या. प्रसेनजितही बसायचा. गोकुळभाऊ त्याच्याशी थेट बोलत नव्हते. काही सांगायचं असलं की राजकुमारला सांगायचे, आणि राजकुमार त्यात 'अबे' घालून पोचवायचा. औरंगाबादचा डिप्लोमा, एवढ्या वर्षांची नोकरी, आणि हाती काय, तर मालकाच्या बापाला तासून जिवंत करायचं काम.

किसनराव दुपारी यायचे. आता काठीबरोबर नातही लागायची हात धरायला, मग ती घरी परतायची. ते मशीनच्या पुढ्यात बसायचे आणि ह्या अक्षराची मात्रा राहिली, ते टिंब राहिलं, असं दाखवायचे. एकदा प्रसेनजितला म्हणाले, "बसा जरा. मेल्यावर लोक काय म्हंतात ते मानसाले ऐकू येत नाई. मले आलं."

"वाईट वाटून घेऊ नका, बाबा."

"वाईट कोनी बोललंच नाई. तेच लागलं." त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. "अंगनात इतके चांगले बोलत होते. आन मी जिता हाये म्हनल्यावर कोनी दोन शब्द बोलाले थांबलं नाई. कोनाची बस, कोनाची म्हैस. म्या म्हनलो, बापा, बसा ना, आता आलेच हा तं."

प्रसेनजितने पातं खाली ठेवलं. तो तसाच बसून राहिला. त्या दिवशी त्याने पाळी संपेपर्यंत एकही खुर्ची तासली नाही, आणि राजकुमारने ते वर कळवलं.

खुर्च्या निम्म्याहून जास्त झाल्या होत्या. त्या दुपारी बाया खाली मान घालून तासत होत्या, मशीन मिटत होतं, उघडत होतं. बऱ्याच वेळाने पंचफुलाचं पातं थांबलं. आज एवढ्या वेळात कोणी एकही चूक काढली नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने मान वर केली. किसनराव खुर्चीत बसलेले होते. काठी मात्र खाली पडली होती.

"सायेब," ती हळू म्हणाली, "इकडे या बरं."

प्रसेनजित आला, वाकला, हात हातात घेतला. मग त्याने गळ्यातला रुमाल काढून त्यांच्या चेहऱ्यावरचा घाम पुसला. तो घाम गार होता.

गोकुळभाऊंच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून नातेवाइकांना फोन करायचं काम प्रसेनजितकडे आलं. कारखान्यातलं जे काम कोणाचंच नसतं ते मॅनेजरचं, हा नियम मरणालाही लागू होता.

"किसनबाबा गेले हो," तो सांगायचा.

"कोन बोलून राह्यले?"

"मी कारखान्यातून तायडे."

"म्हंजे खुर्च्यावाले. राजेहो, एकडाव येऊन गेलो आमी. गाडी भाड्यानं केली होती."

वरवट बकालचा चुलतभाऊ म्हणाला, या खेपेला आम्ही जरा थांबून पाहतो. एकाने विचारलं, पक्कं का? एकाने विचारलं, डॉक्टरने पाहिलं का नुसतं तुम्हीच पाहिलं? प्रसेनजित प्रत्येकाला शपथ घालून सांगत होता, आणि जितकं जास्त सांगावं तितकं ते खोटं वाटत होतं. शेवटी त्याने मेहकरला लावला.

"विमलआत्या, या वेळी खरंच."

विमलबाईने ऐकून घेतलं. ती रडली नाही. "त्याले फोन दे," ती म्हणाली.

"आत्या, अहो..."

"किसनले दे फोनवर. थो बोलला की नाई ते पाहते मी. एकदा रडली मी, मले आता पुन्हा रडनं होत नाई." आणि तिने ठेवला.

उन्हाळ्याचे दिवस, जास्त थांबता येत नव्हतं. दिवस कलायच्या आत स्मशानात न्यायचं ठरलं. टेम्पोत खुर्च्या भरून पाठवल्या, कै. असलेल्या आणि नसलेल्या, जशा हाताला लागल्या तशा. ग्रामसेवकाचा कागद अजून झालेला नव्हता, पण आता त्याला दाखला मिळणार होता. शेडखाली ओळी लागल्या. ओळींपुढे चितेची लाकडं रचलेली. आणि माणसं किती? घरची, गल्लीतली चार म्हातारी, भजनी मंडळातला एक टाळवाला, आणि नांदुऱ्याहून एसटीने आलेले मोतीराम. खांदेकरी बदलायलाही माणूस मिळाला नव्हता. ज्याच्या दारात दिवसभर चहा पुरला नव्हता, त्याच्यापुढे पांढऱ्या खुर्च्यांच्या ओळी रिकाम्या पडल्या होत्या. गोकुळभाऊ हातात मडकं धरून त्या ओळींकडे बघत होते.

प्रसेनजित उठला. मोटारसायकल काढून तो कारखान्यात गेला.

मशीन चालूच होतं. ते मध्येच बंद करायचं नसतं. त्याच्या पोटात वितळलेला माल असतो. तो बाहेर काढून, धुऊन, सावकाश थंड करत न्यावं लागतं. तसंच सोडलं तर आतला माल करपून चिकटतो आणि मग साफसफाईत दिवस जातात. म्हणून हे मशीन पोळ्याला थांबलं नव्हतं, दिवाळीला थांबलं नव्हतं, आणि आज मालकाच्या बापासाठीही ते थांबवा असं कोणी सांगितलेलं नव्हतं. प्रसेनजितने मुख्य बटन खाली ओढलं. आवाज विझत विझत गेला आणि पत्र्यावरच्या कबुतरांचा आवाज ऐकू यायला लागला.

राजकुमार धावत आला. "अबे तायडे, हे काय करून राह्यला? भाऊले इचारलं का?"

"राजकुमारभाऊ," प्रसेनजित म्हणाला, "गाडी काढा. सगळ्यांना घेऊन जायचंय."

त्याच्या आवाजात काही तरी असलं पाहिजे, कारण राजकुमारने गाडी काढली.

बाया स्मशानात उतरल्या तेव्हा भजनी मंडळातला म्हातारा पुढे आला. "बायायले मसनात कायले आनलं?"

पंचफुलाने पदर सारखा केला. "बाबानं रोज आमच्या हातची खुर्ची तपासली. आमी नाई बसाव तं कोन बसाव?"

म्हाताऱ्याने ओळींकडे पाहिलं, आणि बाजूला झाला. पाळीतली सगळी माणसं, मशीनवरची, गोदामातली, फाटकावरचा चौकीदार, एकामागून एक येऊन बसली. हातापायांना पांढरी पूड तशीच होती. सगळ्या खुर्च्या काही भरल्या नाहीत. पण पुढच्या ओळी भरल्या.

अग्नी दिल्यावर गोकुळभाऊ मागे सरत आले आणि प्रसेनजितशेजारच्या खुर्चीवर बसले. मग त्यांची नजर पंचफुलावर गेली, तिच्या पलीकडच्यांवर गेली, आणि ते एकदम सावध झाले.

"मशीनवर कोन हाये?"

"कोनी नाई, भाऊ. बंद केलं."

"आतला माल?"

"आतच हाये."

गोकुळभाऊंचे ओठ हलले. सवयीने काही हिशेब सुरू झाला असावा. "जळन ना तो, तायडेसायेब," ते म्हणाले.

"जळन," प्रसेनजित म्हणाला.

गोकुळभाऊंनी मान हलवली. मग दोघंही पुढे बघत बसून राहिले.